मुकादमाचा स्वभाव

डिंडोली, सुरत
रविवार, १४ डिसेंबर २०२५

नूतन,

वाचायच्या आधीच फाडू नकोस. तू परत यावंस म्हणून यात एक अक्षरही लिहिणार नाही. हे पत्र फक्त तुझ्या सरड्याबद्दल आहे.

तू माझा नंबर बंद केलास त्याला सात महिने झाले. मध्ये एकदा तुझ्या आईच्या फोनवरून मी बोललो, तर तू तोही नंबर बंद केलास. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. शेवटी भेस्तानला तुझ्या मैत्रिणीच्या, जागृतीच्या घरी गेलो. म्हटलं, मी बाप आहे, पत्ता सांग. तिनं पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाली, "काका, पत्ता तेवढा नाही मिळणार. पत्र द्या, पोचवते." तासभर बसलो तरी हलली नाही. पोरगी पक्की आहे. आमच्या खात्यात असती तर मी तिला आठ दिवसांत कामाला लावली असती.

तर मुकादम. हे नाव तू माझ्यावरून ठेवलंस हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण मी दाखवलं नाही. रिंग रोडच्या साडी डिझाइनच्या ऑफिसातून तू चपलेच्या खोक्यात तो वीतभर इग्वाना घेऊन आलीस, त्याला आता सहा वर्षं होतील. खोकं उघडलं तसा तो पडद्याच्या दांडीवर चढला आणि तिथून घरात कोण काय करतं ते बघत बसला. तू आईला म्हणालीस, "माय, आपला दुसरा मुकादम." दोघी तोंडाला पदर आणि ओढणी लावून हसलात. तीस वर्षं मी सचिनच्या औद्योगिक वसाहतीत, कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये फोल्डिंग खात्याची मुकादमी केली, पण माझ्यावर समोरासमोर हसलेल्या फक्त तुम्ही दोघी.

आता तो शेपटीसकट चार फुटांच्या वर गेलाय. डिसेंबर लागला की त्याला काय होतं ते तुला माहीत आहे. मान तांबूस होते, गळ्याखालची झालर फुगते, आणि मला बघितलं की डोकं वरखाली करून जागा सोड म्हणून सांगतो. गेल्या आठवड्यात शेवग्याचा पाला ठेवायला हात घातला तर शेपटीचा असा फटका दिला की मनगटावर वळ उठला. चार दिवस हात सुजलेला. तुझ्यावर त्यानं कधी शेपूट उगारली नाही. गेटची कडी वाजली की पाऊल कोणाचं ते त्याला कळायचं, तू असलीस तरच काचेशी यायचा. माझ्यासाठी सहा वर्षांत एकदाही आला नाही.

पण आता तुझ्या बापाची कमाल ऐक. सोमवारी लाइटीचा झटका आला आणि पिंजऱ्यातला गरम बल्ब उडाला. दुसरा आणू म्हणता म्हणता दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत गडी सरळ. डोकं हलवणं बंद, फुगणं बंद. मी उचलून मांडीवर घेतला तरी काही केलं नाही. म्हणून मी नवा बल्ब आणलाच नाही. तुझी आई म्हणाली, "थंडी वाजी राहिनी त्याले, बल्ब लाई द्या." मी म्हटलं, तीस वर्षं माणसं सरळ केली, हे तर जनावर. लाडावून ठेवलं होतं तुम्ही, एवढंच.

जाता जाता एक. वर म्हटलं होतं की लिहिणार नाही, पण तुला माहीत असावं म्हणून लिहितो. जावईबापू दोन रविवार इथे येऊन गेले. आवाज इतका हळू झालाय की मला दोनदा विचारावं लागलं. दारू सोडली म्हणतात. गजेंद्ररावांना असं खाली मान घालून बसलेलं मी लग्नातही बघितलं नव्हतं.

तुझा आप्पा


डिंडोली
रविवार, ४ जानेवारी २०२६

नूतन,

पार्सल मिळालं. खोक्यावर तुझं अक्षर बघून तुझ्या आईनं कात्री मागितली नाही, दातानंच चिकटपट्टी तोडली.

आत बल्ब निघाला आणि त्याला गुंडाळलेला वहीचा एक कागद. मी आधी कागद उलटा करून बघितला, मागे काही आहे का. नव्हतं. सहा ओळी, आणि त्यात तुझ्या बापाचं नावसुद्धा नाही. तुझ्याच ओळी पुन्हा लिहितो, म्हणजे मी नीट वाचल्या हे तुला कळेल.

"मुकादमला शिस्त लागलेली नाही, तो गारठलाय. त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही आणि तो आतून संपत जातो. वरून हात नेऊ नका, डोक्यावरच्या फिकट ठिपक्यानं त्याला सावली कळते आणि त्याला ती घार वाटते. हात फिरवल्यावर डोळे मिटतो म्हणजे त्याला आवडतं असं नाही. नको झालं आणि पळता येत नसलं की तो डोळे मिटून घेतो. बल्ब आजच लावा."

बरं. लावला. (लावणार आहे. पिंजऱ्याचं होल्डर ढिलं झालंय, ते आधी बघतो.)

डोळ्यांचं मात्र मला पटत नाही. परवाच तो पाऊण तास माझ्या मांडीवर होता. मी मानेवरून बोट फिरवत होतो आणि तो डोळे मिटून पडला होता. समोर तुझी आई साड्यांना स्टोन चिकटवत बसली होती. तिला म्हटलं, बघ, तुझ्या लेकीला सहा वर्षांत जमलं ते मला तीन आठवड्यांत जमलं. ती काही बोलली नाही. तीही आताशा समजूतदार झालीय, पूर्वीसारखी कुरकुर करत नाही.

खाणं थोडं कमी झालंय त्याचं. जास्वंदीची फुलं ठेवतो, ती सुकून जातात. थंडीत आपलंही तसंच होतं.

तू तिथे खातेस का नीट? खोक्यावर लेडीज होस्टेल लिहिलंय. तिथे खानदेशी भाजी कोण देणार तुला? मिरच्यांचा ठेचा आई पाठवू म्हणते. पत्ता आता आमच्याकडे आहेच. तूच खोक्यावर घातलास. कुरियरवाल्यानं मागितला असेल म्हणून घातलास, मला कळतं. पण तरी घातलास तर खरा. मी त्या खोक्याकडे बघतो तेव्हा मला वाटतं, आपली पोर काही हरवलेली नाही.

गजेंद्रराव गुरुवारी आले होते. जेवले. ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहितो.

आप्पा


डिंडोली
रविवार, २५ जानेवारी २०२६

नूतन,

थोडक्यात लिहितो. उत्तरायण झाली. आपल्या गच्चीवर यंदा कोणी चढलं नाही, शेजारची पोरं आपल्याच टाकीवर उभी राहून पतंग उडवत होती, ओरडलो नाही.

मुकादम मजेत आहे. बल्ब चालू आहे. काल दुपारी मांडीवर बसला होता.

तुझी आई बरी आहे. आता अजिबातच बोलत नाही.

गजेंद्रराव दोन रविवार फिरकले नाहीत. कामात असतील.

तू कुठे आहेस हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आप्पा


डिंडोली
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

नूतन,

मागचं पत्र खोटं होतं. पहिल्या ओळीपासून नाही, पण जिथे जिथे मी काही ठामपणे म्हटलं तिथे तिथे खोटं होतं.

मुकादम १९ जानेवारीला सकाळी गेला. पंचवीस तारखेला तो मांडीवर बसला होता असं मी लिहिलं तेव्हा त्याला मागच्या अंगणात शेवग्याखाली पुरून सहा दिवस झाले होते.

जागृती गुरुवारी इथे आली होती. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तर आली नाही. तिनं तुझ्याबद्दल जे सांगितलं ते शेवटी येईल. म्हणून आता सगळं क्रमानं लिहितो. खात्यात कापडाचा एखादा ताका खराब झाला की मी माणसाला समोर उभा करायचो आणि विचारायचो, कुठून बिघडलं ते सांग. आज मीच समोर उभा आहे.

तुझा बल्ब मी लावलाच नाही. होल्डर ढिलं नव्हतं. खोक्यासकट तो मी फडताळावर ठेवून दिला होता. लावला की तो पुन्हा डोकं हलवणार, मला फटके मारणार, मग तीन आठवड्यांत कमावलेलं सगळं जाणार. मला त्याचं मांडीवर बसणं आवडायला लागलं होतं, नूतन. नोकरी सुटल्यापासून माझ्या शब्दानं घरात काहीच हलत नाही, आणि हा एवढा मोठा प्राणी माझ्या हाताखाली निमूट पडून राहायचा. मला वाटलं, हा तरी माझं ऐकतो.

चौदाला उत्तरायणच्या दिवशी गजेंद्र उंधियू आणि जिलेबी घेऊन आला. मी बाहेरच्या खोलीत होतो, मुकादम मांडीवर. आठ दिवसांपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. गजेंद्रनं पिशवी खाली ठेवली आणि माझे पाय धरले. रडला. म्हणाला, "सासरेबुवा, एकदा फक्त बोलायचं शे तिनाशी. हात लावावू नही." मी मुकादमाच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि त्यानं डोळे मिटले होते. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. मला वाटलं, सगळे निवळतात. वेळ द्यावा लागतो. हा निवळला, तो निवळला, नूतनही निवळेल.

मी फडताळावरून खोकं काढलं. त्यातला बल्ब बाजूला ठेवला आणि खोकं त्याच्या हातात दिलं. पत्ता लिहून देण्याएवढेही कष्ट मी घेतले नाहीत.

तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं बघितलं, ती काही बोलली नाही. मी म्हटलं, तिलाही पटलं.

सतराला मुकादमाचे पाय थरथरायला लागले. तुझ्या आईनं मला न विचारता त्याला साड्यांच्या गठ्ठ्याच्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि रिक्षा बोलावली. मी मागून चढलो. अडाजणला पक्षी आणि असली जनावरं बघणारा एक तरुण डॉक्टर आहे. त्यानं हात लावला, जबडा चाचपला, तोंड उघडून बघितलं. मी त्याला अभिमानानं सांगितलं, डॉक्टरसाहेब, आधी फार मारका होता, आता एकदम शांत झालाय. त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "काका, ए शांत नथी थयो. एनामां ताकात ज नथी रही."

मग त्यानं विचारलं, बल्ब किती तास ठेवता? तुझ्या आईनं उत्तर दिलं. "दीड महिन्यापासून नही शे," म्हणाली. डॉक्टर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो मला समजावत बसला. फटका मारणारा, डोकं हलवणारा, फुगणारा इग्वाना म्हणजे धडधाकट इग्वाना. तो रुसत असतो, हक्क सांगत असतो, कोण आपलं कोण परकं हे ओळखत असतो. अचानक गरीब झाला की घाबरायचं असतं, काका. लोक उलटं करतात, तेव्हाच खूश होतात.

घरी आल्यावर मी बल्ब लावला. दोन दिवस तो बल्बखाली पडून होता. एकोणीसला सकाळी पाला घेऊन गेलो आणि वरून हात घातला, सवयीनं. तो हलला नाही. घार आली तरी त्याला काही वाटलं नाही, तेव्हा मला कळलं.

पुरताना तुझी आई पहिल्यांदा मनातलं बोलली. हातातली माती झटकत, माझ्याकडे न बघता. "तुम्हनासमोर माले कधी बोलता उनं? मी गप ऱ्हायनू, तुम्ही हां समजी लिधं." ती मुकादमाबद्दल बोलत नव्हती. खोक्याबद्दल बोलत होती. मी त्याच दुपारी सचिनला गजेंद्रच्या घरी गेलो, म्हटलं खोकं परत दे. कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, चार दिवस झाले, गावी गेलाय. मी स्वतःची समजूत घातली की गावी म्हणजे गावीच. तेव्हा जागृतीकडे धावत गेलो असतो तर तुला बारा दिवस मिळाले असते. गेलो नाही. गेलो असतो तर मी काय केलं ते तिला सांगावं लागलं असतं. त्याऐवजी घरी बसून तुला लिहिलं, मुकादम मजेत आहे.

जागृतीनं सांगितलं ते असं. एकतीस तारखेला तू कामावरून परत येताना तो होस्टेलच्या जिन्यात उभा होता. आधी हळू बोलला. मग तू वर निघालीस तेव्हा त्यानं तुझा हात पिळला, आणि तू पडलीस. वॉचमन आणि दोन मुली धावल्या म्हणून सुटलीस. मनगट मोडलं. होस्टेलवाल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी तुला खोली सोडायला सांगितली, भानगड नको म्हणाल्या. नोकरीही तिथेच राहिली.

"तिनं बल्ब पाठवला नसता तर तिचा पत्ता कोणालाच कळला नसता," जागृती म्हणाली. "एका जनावराची दया आली तिला, काका." एवढं बोलून ती पायऱ्या उतरून गेली.

मनगट उजवं की डावं, हे विचारायचं राहून गेलं. तू उजव्या हातानंच डिझाइन काढतेस.


डिंडोली
रविवार, १ मार्च २०२६

नूतन,

मागचं पत्र जागृतीनं घेतलं, पण पोचवलं की नाही ते सांगितलं नाही. हे पत्र तुझी आई घेऊन येईल.

मला तुझी माफी मागायची आहे. पण मुकादमाचं आणि खोक्याचं जे मी केलं ते फक्त शेवटचं टोक होतं. त्याच्या आधीचं लिहिल्याशिवाय माफी मागितली तर ती अर्धीच होईल.

तुला बघायला शिरपूरहून पाहुणे आले होते तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पसंत आहे ना?" तू मान खाली घातलीस. आपल्यात पोरगी मान खाली घालते म्हणजे हो म्हणते. माझ्या बहिणींनी घातली, तुझ्या आईनं घातली, त्या सगळ्यांना आम्ही हो धरलं. पानसुपारी वाटली. त्या संध्याकाळी तू मुकादमाच्या पिंजऱ्यासमोर बसून होतीस. मी म्हटलं, लाजली.

मग गेल्या वर्षीची आखाजी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, दोन दिवस कोणी त्यांना काम सांगत नाही. तू आलीस. झोक्यावर बसली नाहीस, गाणी म्हटली नाहीस. दंडावर काळानिळा डाग होता, तू बाही वर करून मला दाखवलास. दाखवलास, नूतन. मी बघितला. मी म्हणालो, भांड्याबिंड्याचं लागलं असेल, संसारात होतं. तू बाही खाली केलीस आणि पुन्हा काही बोलली नाहीस. मी शेजारच्या सुभद्राबाईंना सांगितलं, आमची नूतन आता किती शांत झाली बघा, लग्नाआधी केवढी तोंडाळ होती. दुसऱ्याच दिवशी गजेंद्र न्यायला आला. आखाजीचे दिवस पुरे व्हायच्या आत मी तुझी पिशवी रिक्षात ठेवली. तुझ्या आईला आवरायला वेळ मिळाला नाही म्हणून तिनं कच्च्या सांजोऱ्या डब्यात घातल्या. तू रिक्षात बसताना मला म्हणालीस, "आप्पा, मुकादमाले ऊन दाखवत जा." दोन आठवड्यांनी तू सचिनहून परस्पर निघून गेलीस. लेक सासरहून निघाली की माहेरी येते. तू माहेर टाळून गेलीस आणि मी इतके महिने म्हणत राहिलो की माझं काय चुकलं.

लहानपणी तू फार भांडायचीस. शाळेत जायचं नसलं की पलंगाखाली शिरून पाय झाडायचीस. मी ओढून काढायचो. मला वाटायचं, हिला वळण लागलं पाहिजे. वळण लागलं. आता मी ते झाडलेले पाय आठवत बसतो.

जनावराचा दोष नव्हता. डॉक्टर म्हणाला होता की डिसेंबरात ते तसे होतात, तो त्यांचा ऋतू, पुढे ओसरतो. गजेंद्रचा ऋतू नव्हता. मी दोघांना एकाच मापानं मोजलं, आणि तुला तर मोजलंच नाही.

मी पोलिसात गेलो. जागृती बरोबर आली. मी खोकं स्वतः दिलं हे माझ्या जबाबात लिहून दिलं. हवालदार म्हणाला, काका, हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिहा. गजेंद्रचा मोठा भाऊ येऊन दारात बोलून गेला, बरंच बोलला. कोर्टात बोलावलं तर मी जाईन. तुला यावं लागलं आणि मी तिथे नको असेन तर जागृतीकडून कळव, मी बाहेर उभा राहीन.

आता मुख्य गोष्ट.

तुझी नवी जागा जागृतीनं तुझ्या आईला सांगितलीय. मला दोघींनी सांगितलेलं नाही. पहिले दोन दिवस मी रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. ताट सरकवलं, बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुझी आई पिशवी भरत होती. मी दारात उभा राहिलो आणि विचारलं, कुठे आहे ती? तिनं माझ्याकडे बघितलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, ती पहिल्यांदा माझ्या तोंडावर "नही" म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा, पण पिशवी भरणं थांबलं नाही. मी तिथून हललो, अंगणात जाऊन बसलो. मला इतकी लाज वाटली आणि त्या लाजेत थोडं बरंही वाटलं.

म्हणून नूतन, तुझ्या बापाचं एवढं एक ऐक. मला तुझा पत्ता देऊ नकोस. मी आजारी पडलो तरी देऊ नकोस, रडलो तरी नको. मी बदललोय असं कोणी येऊन सांगितलं, जागृतीनं सांगितलं, तुझ्या आईनं जरी सांगितलं, तरी थांब. मी आत्ता शांत आहे. हे शांत होणं खरं आहे की नुसता थकलोय, ते माझं मलाच अजून कळलेलं नाही. कोणी समोर बसून पाय धरले तर मी पुन्हा विरघळणार नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तुझी आई तुझ्याजवळ किती दिवस राहणार ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तुझ्या मनगटाला तेल लावेल ती, लावू दे. तिच्याशी बोल. ती पुष्कळ बोलते, मला माहीत नव्हतं. पिशवी भरताना ती एकटीच तुझ्याशी बोलत होती, मी भिंतीपलीकडून ऐकलं.

उद्या सकाळी तिला उधना स्टेशनवर सोडायला जाईन. तिकीट जागृतीनं काढलंय, ते तुझ्या आईच्या पदराच्या गाठीला आहे. मी पिशवी रिक्षातून उतरवून तिच्या हातात देईन आणि पुलाच्या अलीकडेच थांबेन. ती जिना चढायला लागली की मी पाठ फिरवीन, म्हणजे ती कोणत्या फलाटावर उतरते ते मला दिसणार नाही. भोंगा ऐकू येईल, त्याला इलाज नाही. पण उधन्याला सकाळी गाड्या पुष्कळ असतात, मुंबईकडच्या, भुसावळकडच्या, अहमदाबादकडच्या. त्यातली तुझी कोणती, ते मला कळणार नाही.

आप्पा